हृदयाच्या प्रतिमांचा सातबारा कोण ठेवणार?

नांदगाव, प्रतिनिधी

जमिनीच्या तुकड्याला आपल्याकडे गट क्रमांक असतो. तो ठाऊक असला की सातबारा निघतो, फेरफार निघतो, शेतावर कोणत्या सोसायटीचा बोजा होता हेही कळते. त्याच शेतकऱ्याच्या हृदयाचे गेल्या वर्षी काढलेले चित्र मात्र यंदा सापडेलच, याची खात्री कोणी देत नाही. ते चित्र एखाद्या रुग्णालयाच्या संगणकात असेल, एखाद्या सीडीवर असेल किंवा घरातल्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत, औषधांच्या चिठ्ठ्यांखाली दबलेले असेल. असून नसल्यासारखे.

टू-डी इको, अँजिओग्राफी आणि सीटी स्कॅन यांची यंत्रे गेल्या दोन-अडीच दशकांत जिल्ह्याच्या ठिकाणी आणि काही प्रमाणात तालुक्यांतही पोहोचली. खर्च झाला तो चित्र काढण्यावर. काढलेले चित्र कसे ठेवायचे, त्याला कोणती खूण लावायची आणि पाच वर्षांनी ते दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला कसे सापडायचे, याचा विचार यंत्रांच्या मागोमाग आला नाही. संगणकशास्त्रात या प्रश्नाला प्रतिमांचे सूचीकरण आणि शोध असे म्हणतात. जगभर त्यावर तीन दशके गंभीर संशोधन सुरू आहे. विषय प्रयोगशाळेतला वाटला, तरी नांदगावसारख्या तालुक्याच्या गावाला तो मुंबईपेक्षा अधिक लागू पडतो.

कारण येथील रुग्णाचा प्रवास. नांदगाव मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील गाव. छातीत दुखू लागलेला माणूस आधी ग्रामीण रुग्णालय गाठतो. तेथे ईसीजी आणि एक्स-रे होऊ शकतो. हृदयरोगतज्ज्ञाचे पद ग्रामीण रुग्णालयांच्या आकृतिबंधातच नसते. मग मनमाड किंवा मालेगाव, पुढे सुमारे १०० किलोमीटरवरचे नाशिक. तेथे शासनाचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, खासगी रुग्णालयेही बरीच आहेत. प्रकरण अवघड असले की मुंबई. प्रत्येक थांब्यावर हृदयाचे नवे चित्र निघते आणि प्रत्येक थांब्यावर आधीचे चित्र एक तर मागे राहते, नाही तर रुग्णाच्या पिशवीतून पुढे जाते. मुंबईतला माणूस निदान त्याच रुग्णालयात परत जातो. आपल्याकडचा रुग्ण दर वेळी नव्या दारात उभा असतो.

यात नुसता कागदांचा गोंधळ असता, तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. हृदयविकारात जुन्या चित्राला वैद्यकीय किंमत असते. लहानपणी आलेल्या संधिवाती तापाने हृदयाची झडप आखडते, हा गरीब वस्त्यांतला जुना आजार. आखडलेल्या मिट्रल झडपेचे क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी झाले, की तो आजार तीव्र मानला जातो. पण आजचा आकडा एकटा पुरेसे सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी झडप किती उघडत होती, डावा कप्पा केवढा होता, फुप्फुसाकडील दाब किती वाढला, या तुलनेवर शस्त्रक्रियेची वेळ ठरते. लवकर कापले तरी नुकसान, उशिरा कापले तरी नुकसान. जुना इको नसेल तर डॉक्टरला आजच्या दिवसापासून गणती सुरू करावी लागते.

अँजिओग्राफीचे तर आणखी वेगळे. तिच्यात क्ष-किरण लागतात आणि रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून कॉन्ट्रास्ट द्रव टोचावा लागतो. मधुमेही आणि मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णाला तो द्रव बाधू शकतो. सीडी उघडत नाही म्हणून तपासणी पुन्हा करावी लागली, तर भुर्दंड फक्त पैशांचा नसतो. आता अनेक नव्या संगणकांत सीडी घालायची खाचच उरलेली नाही, हा आणखी एक विनोद.

कायद्याची बाजूही पाहण्यासारखी आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे सांभाळाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. झडपेचा आजार वीस-वीस वर्षे चालतो आणि नोंद मात्र तीन वर्षांची. शिवाय टू-डी इको बहुधा बाह्यरुग्ण विभागात होतो. दाखल रुग्णांसाठी घातलेली ही मुदत त्याला थेट लागूही पडत नाही. त्याच्या हाती पडतो तो दोन पानांचा अहवाल, क्वचित सोबत छापलेली दोन-चार स्थिरचित्रे. धडधडणाऱ्या हृदयाची फीत यंत्राच्या डिस्कवर राहते आणि डिस्क भरली की पुसली जाते.

चित्राची जात वेगळी

हृदयाच्या प्रतिमा इतर वैद्यकीय प्रतिमांहून वेगळ्या पडतात, कारण हृदय थांबत नाही. मोडलेल्या हाडाचा एक्स-रे एका चित्रात संपतो. इकोच्या एका तपासणीत निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या डझनावारी फिती असतात. अँजिओग्राफीत सेकंदाला साधारण पंधरा चित्रे या वेगाने अनेक फिती निघतात. जिनिव्हा विद्यापीठ रुग्णालयातील हेनिंग म्युलर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या क्षेत्राचा एक मोठा आढावा लिहिला. त्यात त्यांच्याच रुग्णालयाची आकडेवारी आहे. २००२ मध्ये तेथील क्ष-किरण विभागात रोज १२,००० हून अधिक प्रतिमा तयार होत होत्या. हृदयरोग विभागाचा क्रमांक दुसरा होता. तेथे वर्षाला सुमारे १,८०० कॅथेटर तपासण्या आणि प्रत्येकीत जवळपास २,००० प्रतिमा निघत. गुणाकार वाचकांनीच करावा. हे एका युरोपीय शहरातील एका रुग्णालयाचे चित्र, तेही दोन दशकांपूर्वीचे.

इतक्या ढिगातून हवे ते काढायचे कसे? मनमाडच्या अन्न महामंडळाच्या गोदामात पोत्यांच्या थप्पीवर कार्ड असते, तशी पहिली आणि सर्वांत साधी रीत म्हणजे प्रत्येक प्रतिमेला चिठ्ठी लावणे. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना आणि यंत्र उत्पादकांची संघटना यांनी १९८३ मध्ये समिती नेमली, १९८५ मध्ये पहिले मानक काढले आणि १९९३ मध्ये त्याला डायकॉम हे आजचे नाव मिळाले. डायकॉमच्या फायलीत चित्रासोबतच रुग्णाचे नाव, ओळख क्रमांक, तपासणीची तारीख, यंत्राचा प्रकार, शरीराचा भाग अशा शेकडो रकाने असलेली माहिती गुंफलेली असते. त्याआधी एका कंपनीच्या यंत्राचे चित्र दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर उघडेल याची शाश्वती नव्हती. आज जगातली बहुतेक वैद्यकीय यंत्रे याच भाषेत बोलतात, आणि आपल्या जिल्ह्यातली यंत्रेही त्याला अपवाद नाहीत.

मग अडले कुठे? रकाने भरणाऱ्या हातांत. जर्मनीतील आखेन विद्यापीठाच्या गटाने २००२ मध्ये स्वत:च्या रुग्णालयातील फायली तपासल्या. तपासणी शरीराच्या कोणत्या भागाची, हे सांगणारा रकानाच १५.३ टक्के प्रकरणांत चुकीचा निघाला. यंत्रावरचे बटण दाबताना तंत्रज्ञ घाईत असतो. छातीच्या नावाखाली पोट जाते. शिस्तीसाठी नावाजलेल्या देशातली ही गत.

आपल्याकडे गोंधळाला स्थानिक रंगही आहे. आहेर, आहिरे, अहिरे ही आडनावे रोमन लिपीत लिहिताना एकाच माणसाची तीन माणसे होतात. भाऊसाहेब एका कागदावर भाऊराव असतो. जन्मतारखेवरून शोधावे म्हटले, तर एका पिढीच्या अर्ध्या वर्गाची जन्मतारीख गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर एक जून अशी लिहून ठेवलेली. पाश्चात्त्य देशांत तयार झालेल्या संगणक प्रणालींना नाव आणि जन्मतारीख हा खात्रीचा जोड वाटतो. एक जूनला जन्मलेल्या महाराष्ट्राची त्यांना कल्पना नाही.

या दुखण्यावर कागदोपत्री तोड निघालेली आहे. केंद्राने २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले आणि त्यातून १४ अंकी आभा क्रमांक मिळू लागला. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची राष्ट्रीय मानके त्याआधीच, २०१३ मध्ये आली आणि २०१६ मध्ये सुधारली गेली. प्रतिमांसाठी डायकॉम आणि निदानाच्या शब्दांसाठी स्नोमेड सीटी ही आंतरराष्ट्रीय परिभाषा त्यात सांगितली आहे. स्नोमेडचे सदस्यत्व भारताने २०१४ मध्येच घेतल्याने ती परिभाषा येथे विनामूल्य वापरता येते. ही सगळी मानके रुग्णालयांपर्यंत नेण्याचे राष्ट्रीय केंद्र तर आपल्याच राज्यात, पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. ज्या संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तीच ही संस्था.

आभा क्रमांक रुग्णाच्या कार्डावर असतो. तो इकोच्या यंत्रावर, तपासणी सुरू होण्याच्या क्षणी, फायलीच्या रकान्यात उतरला तर त्याचा उपयोग. नोंदणीच्या खिडकीवर लिहून घेतला आणि यंत्रापर्यंत पोहोचला नाही, तर तो आणखी एक क्रमांक ठरतो. या खिडकीपासून त्या यंत्रापर्यंतच्या पन्नास पावलांत सारा प्रश्न अडकलेला आहे, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

चित्रावरूनच चित्र शोधणे

चिठ्ठी चुकीची असेल किंवा नसेलच, तर प्रतिमेच्या आत पाहून शोध घेता येईल का, हा दुसरा आणि अधिक चित्तवेधक मार्ग. १९९० च्या दशकात आयबीएमच्या क्यूबिक प्रणालीने रंग, पोत आणि आकार यांवरून चित्र शोधून दाखवले. विचार सरळ आहे. प्रत्येक चित्रातून काही मोजमापे काढायची, ती आकड्यांच्या ओळीच्या रूपाने साठवायची. नवे चित्र आले की त्याचीही ओळ काढायची आणि साठ्यातील सर्वांत जवळच्या ओळी परत द्यायच्या. गावात घराचा पत्ता अंकांनी सांगावा आणि शेजारच्या पत्त्यांवर समान वस्तीचे लोक राहावेत, अशी काहीशी ही रचना.

या विद्येत मराठी मुलखाचा हातभार आहे. नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतील प्रा. मनेश कोकरे यांनी आयआयटी खरगपूर येथील सहकाऱ्यांसोबत पोतावरून प्रतिमा शोधण्याच्या तरंगिका पद्धतींवर २००५ च्या सुमारास केलेले काम आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. वैद्यकीय प्रतिमांच्या सूचीकरणासाठी बारीक पोताचे आकृतिबंध वापरण्याच्या पद्धतींवर देशातील इतर गटांनीही पुढे बरेच लिहिले.

हृदयाच्या बाबतीत मात्र पोत पुरत नाही. इकोची फीत पाहताना तज्ज्ञ सर्वप्रथम एक गोष्ट ठरवतो, की आपण हृदयाकडे कोणत्या खिडकीतून पाहत आहोत. बरगड्यांमधून लांबट छेद घेतला आहे की टोकाकडून चारही कप्पे दिसत आहेत? हे कळल्याखेरीज पुढची मोजमापे निरर्थक. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शहराम इबादोल्लाही आणि शिह-फू चांग यांनी २००२ ते २००४ या काळात नेमका हा प्रश्न घेतला. लांबलचक फितीचे कोन बदलतात तेथे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा कोन ओळखायचा, चित्राखाली धावणाऱ्या ईसीजीच्या रेषेवरून हृदयाच्या ठोक्यातील नेमका क्षण पकडायचा आणि त्यातून फितीची अनुक्रमणिका तयार करायची, अशी त्यांची दिशा होती. पुस्तकाला प्रकरणे पाडावीत तसेच हे. आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत तन्वीर सय्यद-महमूद यांच्या गटाने २००७ च्या सुमारास आलिम नावाचा प्रकल्प मांडला. ईसीजी, इको आणि लेखी अहवाल एकत्र करून समोरच्या रुग्णासारखे आधीचे रुग्ण शोधायचे आणि त्यांचे निदान काय ठरले होते ते डॉक्टरपुढे ठेवायचे, हा त्यामागचा हेतू. अनुभवी वैद्य मनातल्या मनात हेच करतो. असा एक रोगी अमक्या साली आला होता, असे त्याला आठवते. यंत्राने ती आठवण सर्वांना उपलब्ध करून द्यावी.

कल्पना त्या वेळी यंत्रशक्तीच्या पुढे धावत होती. कोणती मोजमापे घ्यायची ते माणूस ठरवत होता, आणि संगणकाच्या दृष्टीने सारखी दिसणारी दोन चित्रे डॉक्टरच्या दृष्टीने भिन्न निघत. या दरीला संशोधकांनी अर्थदरी असे नावच दिले. २०१२ नंतर बहुस्तरीय कृत्रिम चेताजाळ्यांनी मोजमापे स्वत:च शिकायला सुरुवात केली, तेव्हा चित्र पालटले. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने २०१८ मध्ये दाखवले, की इकोच्या पंधरा कोनांपैकी कोन ओळखण्यात, लहान आकाराची एकेक स्थिरचित्रे दिली असता, यंत्र ९१.७ टक्के वेळा बरोबर ठरले. त्याच कसोटीवर प्रमाणित तज्ज्ञ ७०.२ ते ८४ टक्के होते. अर्थात तज्ज्ञ रोजच्या कामात अशी टपाल तिकिटाएवढी चित्रे पाहत नाही, हे लक्षात ठेवायला हवे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२० मध्ये चार कप्प्यांच्या छेदाच्या १०,०३० फिती संशोधनासाठी खुल्या केल्या. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातील संशोधकांनी १० लाख ३२ हजारांहून अधिक फिती आणि तज्ज्ञांनी लिहिलेला त्यांचा मजकूर एकत्र शिकवून इकोक्लिप ही प्रणाली तयार केली. शब्दांवरून चित्र आणि चित्रावरून शब्द असा दुहेरी शोध ती घेऊ शकते.

या दहा लाख फिती आल्या कोठून? एका रुग्णालयाने वर्षानुवर्षे फीत आणि अहवाल जोडीने, शोधता येतील अशा रीतीने जपून ठेवले होते म्हणून. संशोधकांची कुशाग्रता नंतरची. मुंबईतील क्युअर एआय या कंपनीने २०१८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात डोक्याच्या सीटी स्कॅनवरचे काम प्रसिद्ध केले, तेव्हा त्यामागे देशातील सुमारे वीस केंद्रांतून मिळालेले ३,१३,३१८ स्कॅन होते. ते स्कॅन आणि त्यांचे अहवाल संगणकात नीट ठेवलेले होते, ही पूर्वअट तेथेही होतीच.

आपल्या रुग्णांची चित्रे आपल्याकडे सापडण्याजोगी नसतील, तर परक्या चित्रांवर शिकलेले यंत्र येथे आणावे लागेल. त्याचे धोके ठाऊक झालेले आहेत. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २०१८ मध्ये न्यूमोनिया ओळखणाऱ्या प्रणालींची तपासणी केली. छातीचा एक्स-रे कोणत्या रुग्णालयात काढला आहे, हे यंत्र जवळपास अचूक ओळखू शकत होते आणि निदान करताना त्या ओळखीचा आधार घेण्याची सोय त्याला मिळत होती. बाहेरच्या रुग्णालयातली चित्रे दिल्यावर कामगिरी अनेकदा घसरली. लॉस एंजेलिसच्या रुग्णांत संधिवाती झडपेचा आजार फारसा दिसत नाही. तेथल्या दहा लाख फितींत आपल्याकडच्या झडपेला जवळचा शेजारी किती मिळेल, हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे. डोळ्यांच्या बाबतीत नांदेडने त्यावर तोड काढून दाखवली. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणारे बदल दाखवणाऱ्या, नांदेडच्याच एका नेत्रचिकित्सालयात टिपलेल्या ५१६ प्रतिमांचा संग्रह प्रा. कोकरे यांच्या गटाने २०१८ मध्ये जगासमोर ठेवला आणि देशोदेशीच्या संशोधकांनी त्यावर आपापल्या पद्धती घासून पाहिल्या. पाचशे सोळा ही संख्या लहान आहे. पण प्रत्येक प्रतिमेवर तज्ज्ञाची खूण आहे. जिल्ह्याच्या गावी असे काम होऊ शकते, याचा तो पुरावा आहे.

सापडले, पण कोणाला?

या विषयाची एक बाजू अस्वस्थ करणारी आहे. ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन माहिती सुरक्षा कंपनीने २०१९ मध्ये जगभरातील वैद्यकीय प्रतिमासंग्रहांच्या सर्व्हरची पाहणी केली. फेब्रुवारी २०२० मध्ये पुढे आलेल्या तिच्या पाठपुराव्यानुसार भारतातील १२ कोटींहून अधिक वैद्यकीय प्रतिमा इंटरनेटवर पुरेशा संरक्षणाविना उघड्या होत्या. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. तीन लाखांहून अधिक नोंदसंच आणि जवळपास सात कोटी प्रतिमा. सोबत रुग्णांची नावे, जन्मतारखा, रुग्णालये आणि डॉक्टरांची नावेही. या प्रतिमा सर्व प्रकारच्या होत्या, केवळ हृदयाच्या नव्हेत. परंतु विरोधाभास लपत नाही. नाशिकच्या डॉक्टरला मालेगावची तपासणी मिळत नाही, आणि दूरदेशी बसलेल्या अनोळखी माणसाला ती पासवर्डही न मागता मिळू शकते.

नाव पुसले की झाले, हा समजही आता टिकत नाही. वर उल्लेखिलेली इकोक्लिप प्रणाली निरनिराळ्या फितींमधून एकच रुग्ण ओळखण्याची क्षमता दाखवते. छातीच्या एक्स-रेवरून तोच माणूस ओळखता येतो, हे जर्मन संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले. बोटाच्या ठशासारखा हृदयाच्या रचनेलाही ठसा असतो, असा याचा अर्थ. चांगला शोध आणि चांगली गुप्तता या दोन गोष्टी एकमेकींना ओढत राहणार. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. पण एखाद्या लहान इको केंद्रातला, कोपऱ्यात धूळ खात सुरू असलेला सर्व्हर कोण तपासणार, याचे उत्तर कायद्याच्या कलमांत मिळत नाही.

रोजच्या व्यवहारात तर त्याहून सोपी वाट रूढ झाली आहे. ईसीजीचा किंवा इकोच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. तातडीच्या वेळी यामुळे जीव वाचतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या फोटोत डायकॉमचा एकही रकाना उरत नाही, चित्राचा दर्जा घटतो आणि दोन महिन्यांनी तो सुप्रभातच्या संदेशांखाली गाडला जातो. गुप्तताही नाही आणि सूचीही नाही.

राज्याच्या हाती काय आहे

टेलिमेडिसिनचे प्रयोग राज्याला नवे नाहीत. मुंबईचे केईएम रुग्णालय केंद्रस्थानी ठेवून जिल्हा रुग्णालये जोडण्याचा प्रकल्प २००७ च्या सुमारास सुरू झाला होता. २०१९ पासून ई-संजीवनी ही केंद्राची सेवा आहे. मात्र या साऱ्यांचा रोख सल्ला मिळवण्यावर राहिला. सल्ला घेताना पाहिलेले चित्र नंतर कोठे जाते, हा कोणाच्याच कामाचा भाग नव्हता. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत संगणकीकृत रुग्णनोंदींची व्यवस्था काही वर्षे चालली आणि सरकार व पुरवठादार कंपनी यांच्यातील वादात जुलै २०२२ मध्ये ती थांबली. नोंदी कोणाच्या संगणकात आहेत यापेक्षा त्या कोणत्या मानकात आहेत आणि उद्या दुसऱ्याच्या हाती देता येतील का, हे निविदेत आधी लिहून घ्यावे लागते. आपल्याकडे निविदांत यंत्राची क्षमता तपशिलाने असते. ही अट शेवटच्या पानावर असते, असलीच तर.

राज्याकडे एक मोठे साधन आहे, ते म्हणजे पैसे देणाऱ्याचा अधिकार. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ मध्ये राज्यभर गेली. अँजिओप्लास्टीचा दावा करताना रुग्णालयाला अँजिओग्राफीची चित्रे आणि अहवाल जोडावे लागतात. म्हणजे राज्यभरातल्या गरिबांच्या हृदयांची चित्रे दाव्यासोबत सरकारी यंत्रणेपर्यंत जातातच. ती मंजुरीपुरती, स्थिरचित्रांच्या रूपात जातात. तीच मूळ डायकॉम फीत म्हणून, आभा क्रमांकासह आणि ठरलेल्या परिभाषेतील निदानासह मागितली, तर रुग्णालयांना वेगळे यंत्र घ्यावे लागणार नाही. साठवणुकीचा खर्च सरकारला येईल हे खरे. तथापि एका पुन्हा कराव्या लागणाऱ्या अँजिओग्राफीच्या खर्चाशी तो ताडून पाहावा.

सुरुवात कोठून करावी असे विचारले, तर प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते ती मुलांपासून व्हावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. अंगणवाड्यांची वर्षातून दोनदा आणि शाळांची वर्षातून एकदा तपासणी, अशी त्याची रचना आहे. जन्मजात हृदयदोष आणि संधिवाती हृदयविकार हे दोन्ही त्याच्या यादीत आहेत. पथकाला शंका आली की मुलाला टू-डी इकोसाठी पाठवले जाते. ज्याच्या हृदयातील छिद्र लहान आहे त्याला सांगितले जाते, की आता काही करू नका, वर्षाने पुन्हा दाखवा. या एका वाक्यात जुन्या चित्राची सगळी गरज सामावलेली आहे. वर्षाने मूल येते तेव्हा शिबिर दुसऱ्या रुग्णालयाने घेतलेले असते, यंत्र निराळे असते, डॉक्टर निराळे असतात. या मुलांची संख्या मर्यादित आहे, त्यांची नोंद आधीच होते आणि पाठपुरावा सरकारचीच जबाबदारी आहे. सूचीकरणाची कोणतीही पद्धत, साधी चिठ्ठीची असो वा चेताजाळ्याची, कसून पाहायला याहून योग्य क्षेत्र मिळणे कठीण.

हे होईल तेव्हा होवो. सध्या ज्यांच्या घरी हृदयरुग्ण आहे त्यांनी तपासणीच्या दिवशीच अहवालासोबत मूळ डायकॉम फायली पेन ड्राइव्हवर मागून घ्याव्यात. छापील चित्रे किंवा पडद्याचा फोटो यावर समाधान मानू नये. दाखल रुग्णाच्या नोंदींसाठी लेखी अर्ज करावा, त्यावर तारीख घालून पोच घ्यावी. ७२ तास त्या तारखेपासून मोजले जातात. फायलीला नाव देताना रुग्णाचे नाव आभा कार्डावरील स्पेलिंगप्रमाणेच लिहावे, तपासणीची तारीख आणि गाव लिहावे, आणि एक प्रत घराबाहेर, नातेवाइकाकडे ठेवावी.